प्रश्न तुमचे, बोर्ड आमचा : येणाऱ्या टॅबमध्ये चिप कोणती?

या महिन्याच्या टपालात अर्ध्याहून जास्त पत्रं अजून बाजारात न आलेल्या टॅबबद्दल आहेत. स्क्रीन, बॅटरी, किंमत कुणी विचारत नाही. सगळ्यांना प्रोसेसरचं नाव हवंय. तेव्हा या अंकात तेवढंच. चार्जिंग पिनवाल्यांनी आणि सुजलेल्या बॅटरीवाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत धीर धरावा. सुजलेली बॅटरी मात्र तोवर वापरू नये.

काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नोट्स काढायला आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग करायला साधा आयपॅड घ्यायचाय. सध्याच्यात ॲपलची ए१६ चिप आहे. पुढच्यात कुणी ए१८ येणार म्हणतं, कुणी ए१९. होस्टेलवर यावरून पैज लागली आहे. तुम्ही कुणाच्या बाजूने? – एक विद्यार्थी, सांगली

ए१८च्या. पण पैज वडापावपुरतीच ठेव, पार्टीवर जाऊ नकोस.

साध्या आयपॅडची कुंडली मांडून बघ. मार्च २०१७मध्ये पाचव्या पिढीचा आला तेव्हा त्यात ए९ होता, जो आयफोन ६एसमध्ये सप्टेंबर २०१५लाच येऊन गेला होता. २०१८ला ए१०, म्हणजे २०१६च्या आयफोन ७मधला. २०१९ला पुन्हा तोच ए१०, तोवर तीन वर्षांचा झालेला. २०२०ला ए१२, २०२१ला ए१३, ऑक्टोबर २०२२ला ए१४, प्रत्येक वेळी साधारण दोन वर्षं मागचा. मार्च २०२५ला आलेला ए१६ तर आयफोन १४ प्रोमधला, अडीच वर्षांचा. मधले ए११ आणि ए१५ या घराण्यात आलेच नाहीत. म्हणजे चिप दीड ते तीन वर्षं मुरल्याशिवाय साध्या आयपॅडच्या वाट्याला येत नाही. ए१९ सप्टेंबर २०२५मध्ये आयफोन १७बरोबर आला. तो इतक्या लगेच या फळीवर उतरला तर ते पहिल्यांदाच घडेल. ए१८ सप्टेंबर २०२४चा आहे. हिशोब बसतो.

तू विचारशील, मधला ए१७ प्रो का नाही? तो ऑक्टोबर २०२४मध्ये आयपॅड मिनीला मिळाला. पण ती चिप तैवानच्या टीएसएमसीच्या पहिल्यावहिल्या ३ नॅनोमीटर (चिप छापण्याच्या तंत्राची एक पिढी) पद्धतीवर बनते आणि ती पद्धत महागडी. ए१८ त्याच कारखान्याच्या दुसऱ्या, सुधारलेल्या ३ नॅनोमीटरवर निघतो. सगळ्यात स्वस्त आयपॅडसाठी कंपनी महागड्या वाटेने कशाला जाईल?

आणखी एक कारण रॅमचं आहे. ॲपलच्या एआय सुविधांना ८ जीबी रॅम लागते. ए१६च्या आयपॅडमध्ये ६ जीबी आहे, त्यामुळे सध्या विकल्या जाणाऱ्या आयपॅडांमध्ये त्या सुविधा नसलेला हा एकटाच. घरातल्या एकाच पोराला शाळेबाहेर किती दिवस बसवणार? ए१८ आयफोन १६मध्ये ८ जीबीसकट आलेला आहेच. (त्या सुविधांच्या भाषांमध्ये मराठी नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

आता खरी मेख. पैज जिंकलास तरी तुझ्या हातात पडणारा ए१८ आणि आयफोन १६मधला ए१८ एकसारखे असतील याची हमी नाही. आत्ताचाच ए१६ बघ. आयफोन १४ प्रोमध्ये त्याला ६ सीपीयू कोर (हिशोब करणारे भाग) आणि ५ ग्राफिक्स कोर (चित्र रंगवणारे भाग) आहेत. आयपॅडमधल्या ए१६ला ५ आणि ४. नाव तेच, कोर कमी.

असं का होतं? चिपा ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या चकतीवर शेकड्याने छापल्या जातात. प्रत्येक चकतीवर कुठे ना कुठे दोष राहतोच. एखाद्या चिपचा नेमका एक ग्राफिक्स कोर बिघडलेला निघाला आणि बाकी सगळं ठणठणीत असेल, तर ती फेकून देण्यापेक्षा तो कोर कायमचा बंद करून ती दुसऱ्या उपकरणात बसवतात. यात फसवणूक काही नाही, कोरांची संख्या माहितीपत्रकात छापलेली असते. फक्त ती कुणी वाचत नाही. मिनीतला ए१७ प्रो ५ ग्राफिक्स कोरचा आहे, आयफोन १५ प्रोमधला ६ कोरचा. आयफोन १६ईमधल्या ए१८चे ग्राफिक्स कोर ४, आयफोन १६मध्ये ५. महागड्या फळीवरही हेच. एम ही ॲपलच्या मॅक संगणकांतली, जास्त ताकदीची मालिका. २०२४चा एम४चा आयपॅड प्रो २५६ किंवा ५१२ जीबीचा घेतला तर ९ सीपीयू कोर आणि ८ जीबी रॅम मिळायची, १ टीबीचा घेतला तर १० कोर आणि १६ जीबी. दोन्ही एम४च.

म्हणून माझं एक ठाम मत झालंय. टॅबमध्ये कोणती चिप येणार याचा अंदाज बांधायचा तर ‘सगळ्यात नवी चिप कोणती’ हा प्रश्नच चुकीचा. ‘फोनसाठी बनलेल्या चिपांपैकी कुठली चिप आता भरपूर आणि स्वस्तात निघते आहे’ हे विचारायचं. शाओमी पॅड ६ भारतात जून २०२३मध्ये आला तेव्हा त्यात क्वालकॉम कंपनीचा स्नॅपड्रॅगन ८७० होता. ती चिप जानेवारी २०२१ची. लोकांनी नावं ठेवली, आणि टॅब तरीही छान चालला.

थांबायचं का, हे तू विचारलं नाहीस, पण पोटात तेच आहे. पुढचं सेमिस्टर तोंडावर असेल तर थांबू नकोस. नोट्सना ए१६ उरून पुरतो. व्हिडिओचं म्हणशील तर आधी जागा कमी पडेल, चिप नाही. आयफोनवर ४के, ३० फ्रेमने घेतलेलं एक मिनिट साधारण १७० एमबी खातं. गॅदरिंगचा दोन तासांचा ऐवज २० जीबीच्या पुढे जातो, आणि सुरुवातीचं मॉडेल १२८ जीबीचं आहे. चिपेसाठी थांबण्यापेक्षा तेच पैसे २५६ जीबीला लाव.

‘अमुक टॅब गीकबेंचवर दिसला, प्रोसेसर उघड’ अशा बातम्या रोज वाचतो. जी वस्तू अजून जाहीरच झाली नाही, तिच्या पोटातलं यांना कसं कळतं? कंपनीतली माणसं फितूर असतात काय? – एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली

फितुरी असते, पण बहुतेक वेळा तिची गरजही पडत नाही. टॅब बाजारात यायच्या आधी महिनोन् महिने त्याच्या चाचण्या चालतात. चाचणी करणाऱ्याने गीकबेंचसारखं वेग मोजणारं ॲप चालवलं की निकाल आपोआप सार्वजनिक यादीत चढतो. त्या नोंदीत मॉडेल क्रमांक असतो, प्रत्येक कोर किती गिगाहर्ट्झवर धावतो ते असतं आणि बोर्डाचं सांकेतिक नाव असतं. क्वालकॉमची ही नावं मजेशीर आहेत. स्नॅपड्रॅगन ८ जेन २चं ‘कलामा’, जेन ३चं ‘पाइनॅपल’, ८ एलिटचं ‘सन’. नोंदीत ‘पाइनॅपल’ दिसलं की बातमी तयार.

पण जपून. रूट केलेल्या, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडलेल्या फोनवर मॉडेलचं नाव वाट्टेल ते टाकता येतं. एकटी नोंद असेल तर मी तिला चार आणे किंमत देतो. त्याच मॉडेलच्या आठ-दहा नोंदी वेगवेगळ्या दिवशी चढल्या आणि सगळ्यांत कोरांचा वेग जुळला, तर बारा आणे. आणि ‘बीआयएसच्या यादीतून प्रोसेसर कळला’ असं कुणी लिहिलं तर सरळ पान उलटा. आपल्या भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदीतून मॉडेल क्रमांक कळतो, म्हणजे माल इथे विकायला येण्याची चिन्हं आहेत एवढंच. चिपचा तिथे उल्लेखच नसतो.

बोर्डाचे फुटलेले फोटो हा त्याहून भारी प्रकार. २०१२च्या सुरुवातीला तिसऱ्या आयपॅडबद्दल बोलबाला होता की चार कोरचा ए६ येणार. तेवढ्यात एका बोर्डाचा फोटो फुटला, चिपवर ‘ए५एक्स’ असं छापलेलं. हे काय भलतंच नाव, फोटो बनावट असणार, असं म्हणणारे पुष्कळ निघाले. ७ मार्चला कंपनीने जाहीर केलं ते ए५एक्सच. सीपीयूचे कोर दोनच, ग्राफिक्सचे मात्र चार. कारण स्क्रीन २०४८ बाय १५३६ची झाली होती, आधीच्या चौपट ठिपके. वाढीव ताकद लागणार होती ती चित्र रंगवायला. फोटो न बघताही, नुसत्या स्क्रीनच्या बातमीवरून हे ताडता आलं असतं.

असे फोटो वाचायचे कसे, हे पुण्याच्या तापकीर गल्लीत रिपेअरिंगच्या टेबलावर बसून कळतं. डिस्प्ले गरम करून उचलायचा, बॅटरीचं कनेक्टर आधी काढायचं, मग बोर्डावरची पत्र्याची शील्ड चिमट्याने हळूच उकलायची. खाली सगळ्यात मोठी काळी आयसी दिसते. तिच्यावर मायक्रॉन किंवा एसके हायनिक्स लिहिलेलं असतं, आणि नवा पोरगा उत्साहाने सांगतो, “काका, यात मायक्रॉनचा सीपीयू आहे!” मायक्रॉन सीपीयू बनवत नाही. पुष्कळ बोर्डांवर रॅमची आयसी प्रोसेसरच्या डोक्यावरच बसवलेली असते, त्यामुळे वरून वाचता येतं ते रॅमचं नाव. प्रोसेसर तिच्याखाली दबलेला. ए५एक्सच्या बाबतीत उष्णतेमुळे रॅम बाजूला काढून चिपवर धातूचं झाकण दिलं होतं, म्हणून नाव फोटोत स्वच्छ आलं. तेव्हा फोटोत आयसीवर फक्त रॅम कंपनीचं नाव असेल आणि बातमीत प्रोसेसर ‘उघड’ झाला असेल, तर लिहिणाऱ्याने शील्ड कधी उकललेली नाही असं समजा.

फितुरीचा, म्हणजे खऱ्या आतल्या खबरीचा, अलीकडचा उत्तम नमुना म्हणजे २०२४चा आयपॅड प्रो. एम३ ऑक्टोबर २०२३मध्ये मॅकमध्ये आला होता. साहजिकच आयपॅड प्रोलाही तोच मिळणार असं सगळे धरून चालले होते. एप्रिलच्या शेवटी ब्लूमबर्गच्या मार्क गुरमननी लिहिलं की थेट एम४ची शक्यता आहे. मॅकच्या आधी आयपॅडला नवी चिप, हे अनेकांना पटेना. ७ मेला एम४च निघाला. त्यामागेही स्क्रीनच होती. दोन थरांच्या नव्या ओएलईडी पडद्याला लागणारी डिस्प्लेची यंत्रणा एम४मध्ये होती. सांगलीच्या विद्यार्थ्याला सांगितलेला मुरलेल्या चिपेचा नियम वरच्या फळीवर असा कोलमडतो.

आणि कंपनीने जाहीर केलं म्हणजे विषय संपला असंही नाही. त्याच मे महिन्यात आलेल्या एम२च्या आयपॅड एअरला कंपनीने स्वतःच्या माहितीत १० ग्राफिक्स कोर दाखवले होते. काही आठवड्यांनी ते गुपचूप ९ झाले.

मुलगा अकरावीत आहे. सॅमसंगचा पुढचा मोठा टॅब यायची वाट बघतोय. म्हणतो, स्नॅपड्रॅगन आला तरच घेऊ, मीडियाटेक असेल तर नको, तो हलका असतो. खरं आहे का? – एक आई, चिपळूण

ताई, ‘हलका’ ही जुनी ख्याती. मीडियाटेक म्हणजे सहा-सात हजारांचा तापणारा फोन, असं एका पिढीच्या डोक्यात बसलंय आणि चिरंजीवांनी ते वारसाहक्काने घेतलंय. सॅमसंगच्या वरच्या टॅबमध्ये एस७, एस८, एस९पर्यंत स्नॅपड्रॅगन होता. सप्टेंबर २०२४च्या एस१० प्लस आणि अल्ट्रामध्ये मीडियाटेकचा डायमेन्सिटी ९३००+ आला आणि मोठी ओरड झाली. २०२५च्या एस११मध्ये पुन्हा मीडियाटेकच, ९४००+. दोनदा केलेला सौदा कंपनी उगाच मोडत नाही, म्हणून पुढच्या खेपेलाही मी मीडियाटेकच धरतो.

ही चिप हलकी मुळीच नाही. इतर चिपांमध्ये काही कोर मोठे आणि काही छोटे, वीज वाचवणारे असतात. ९३००मध्ये छोटे कोर ठेवलेलेच नाहीत, चार अगदी मोठे आणि चार मध्यम. फोनच्या अरुंद अंगात अशी चिप लवकर तापते. टॅबच्या ऐसपैस पत्र्यावर तिला उष्णता पसरायला जागा मिळते.

मुलाचं एका बाबतीत बरोबर आहे. जुन्या गेमिंग कन्सोलचे खेळ टॅबवर चालवणारे इम्युलेटर स्नॅपड्रॅगनच्या ॲड्रिनो ग्राफिक्सवर जास्त सुरळीत चालतात, कारण त्याचे ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारे छोटे प्रोग्रॅम) हौशी मंडळींनी कसून घडवलेत. तेव्हा त्याला सहज विचारा, अकरावी सायन्समध्ये इम्युलेटर कुठल्या विषयाला लागतो. उत्तर देताना तो कुठे बघतो त्यावरून टॅब कशासाठी हवाय ते कळेल.

आमच्या शाळेला देणगीतून टॅब घ्यायचे आहेत. लवकरच येणाऱ्या एका स्वस्त टॅबची जाहिरात आलीय, त्यात फक्त ‘शक्तिशाली ऑक्टा-कोर प्रोसेसर’ एवढंच आहे. चिपचं नाव विक्रेताही सांगत नाही. कोणती असेल? – मुख्याध्यापक, यवतमाळ जिल्हा

सर, नाव चांगलं असतं तर जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतं. ‘ऑक्टा-कोर’ म्हणजे आठ कोर. ते कसले, हा खरा प्रश्न. २०२१चा गॅलेक्सी टॅब ए७ लाइट ऑक्टा-कोरच होता. आत हेलिओ पी२२टी, आणि आठही कोर कॉर्टेक्स-ए५३, म्हणजे २०१२ साली जाहीर झालेली रचना.

स्वस्त टॅबमध्ये चिपा अशाच वरून झिरपत येतात. आपल्या ‘आकाश’चं आठवत असेलच. ५ ऑक्टोबर २०११ला दिल्लीत कपिल सिब्बल यांनी तो दाखवला तेव्हा आत ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम होती. बोट जोरात दाबल्याशिवाय स्क्रीन दाद देत नसे. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये आकाश-२ आला, पवईच्या आयआयटीच्या देखरेखीखाली. त्यात १ गिगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-ए८. ॲपलने २०१०च्या पहिल्या आयपॅडमध्ये जो ए४ घातला होता तोही कॉर्टेक्स-ए८च्याच घराण्यातला आणि १ गिगाहर्ट्झचाच. रॅम तर आकाश-२मध्ये आयपॅडच्या दुप्पट, ५१२ एमबी. दोन वर्षांत ती ताकद सरकारी योजनेत बसेल एवढ्या किमतीला उतरली होती.

तरी शाळेसाठी मी चिपेच्या नावामागे लागणार नाही. स्वस्त टॅब रखडतो तो बहुधा रॅम आणि मेमरीपायी (मेमरी म्हणजे फायली साठवायची जागा). गूगलचा २०१२चा नेक्सस ७ घ्या. आत एनव्हिडियाचा चार कोरचा टेग्रा ३, त्या काळी कौतुकाची चिप. पण मेमरी भरत गेली तसतसा तो रडायला लागला. जुलै २०१३च्या अँड्रॉइड ४.३ने मेमरीतली मोकळी जागा नीट झाडून घ्यायला सुरुवात केली तेव्हा कुठे त्यात जीव आला. चिप तीच होती.

एका शिकवणीवाल्याने माझ्याकडे टॅबांचं अख्खं खोकं आणलं होतं, ‘प्रोसेसर गेलाय’ म्हणून. कंपनीचं नाव घेत नाही. उघडून पाहिलं तर प्रोसेसर ठीक. २ जीबी रॅम, १६ जीबी ईएमएमसी (सावकाश प्रकारची मेमरी), आणि त्यातली निम्मी जागा आधीपासून भरलेल्या ॲपांनी अडवलेली. मुलाने धड्याचा व्हिडिओ उतरवला की टॅब गोठायचा.

विक्रेत्याकडून लेखी घ्या : रॅम किमान ४ जीबी, मेमरी किमान ६४ जीबी, ती ईएमएमसी की त्याहून वेगवान यूएफएस, आणि सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत. एक नमुना मागून घ्या, त्यात तुमची पाठ्यपुस्तकं आणि व्हिडिओ भरा, आणि पाचवीच्या वर्गात दोन आठवडे फिरवा. नमुना द्यायला तो तयार नसेल तर दुसरा विक्रेता गाठा. एवढं झाल्यावर चिपचं नाव त्याने सांगितलं काय, न सांगितलं काय.

गॅलेक्सी टॅब एस६ लाइटमध्ये एक दुकानदार एक्सिनोस सांगतो, दुसरा स्नॅपड्रॅगन. खोटं कोण बोलतंय? – एक वाचक, लातूर

कुणीच नाही. या एकाच नावाने तीन टॅब आले. २०२०चा सॅमसंगच्याच एक्सिनोस ९६११वर, २०२२चा स्नॅपड्रॅगनवर, २०२४चा एक्सिनोस १२८०वर. डब्यावरचा मॉडेल क्रमांक वाचा. पी६१० किंवा पी६१५ म्हणजे पहिला, पी६१३ किंवा पी६१९ म्हणजे दुसरा, पी६२० किंवा पी६२५ म्हणजे तिसरा. घ्यायचाच तर तिसरा घ्या, आणि पहिल्याला तिसऱ्याची किंमत देऊ नका.